शिफारसपत्र

चर्चचा सभासद दुसऱ्या गावी राहायला गेला की मंडळीच्या सेक्रेटरीनं त्याला शिफारसपत्र द्यायचं असतं. आमच्याकडे त्याचा छापील नमुना आहे. नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं की नाही, वर्गणी चुकती की बाकी, आणि खाली एक ठरलेलं वाक्य : सदर कुटुंब आमच्या मंडळीत चांगल्या साक्षीने राहिले असून आपण त्यांचा प्रभूमध्ये स्वीकार करावा. सही, शिक्का, तारीख. चहा निवायच्या आत होणारं काम. गेल्या मे महिन्यात असं एक पत्र लिहायचं माझ्यावर आलं आणि मी ते लांबवत राहिले. खजिनदारांनी विचारलं तेव्हा मी शिक्क्याची शाई वाळलीय म्हणाले. ती खरंच वाळली होती, पण शाईची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते हे त्यांनाही ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत.

कुटुंब पाच जणांचं. दादा; त्यांची बायको, जिला सगळे सिस्टर म्हणतात, कारण ती नर्स आहे; मुलगी नुकतीच दहावी झालेली; मुलगा सहावीत जाणारा; आणि सिस्टरची आई, जिला पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बायकासुद्धा आजीच म्हणतात. सिस्टरला राहुरी तालुक्यात सरकारी ग्रामीण रुग्णालयात नेमणूक मिळाली. दादांचं गाव तिथून जवळ. त्यांचे आईवडील थकलेत, वडिलांना नीट दिसत नाही. दादा इलेक्ट्रिकची कामं करतात, ती कुठंही मिळतात. म्हणजे जाण्याचं कारण इतकं रास्त की रुसायलासुद्धा जागा नाही. माझी पहिली तक्रार हीच होती.

पुण्यात चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडी मनोरा येतो. कॅम्पातलं १८२५ सालचं सेंट मेरीज, नाहीतर गुरुवार पेठेतला पंचहौद. पंचहौदाची तर गंमतच आहे. १८९० साली मिशनच्या बोलावण्यावरून रानडे, टिळक आणि शहरातली इतर मोठी माणसं तिथं गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. पुणेकराला ती जागा माहीत असते ती त्या चहामुळं. तिथं दर रविवारी उपासनाही होते, असं सांगितलं की काही जण माझ्याकडे नवलानं बघतात.

आमचं तसं काही नाही. बोपोडीच्या बाजूला, रेल्वेलाइनच्या कडेनं जाणाऱ्या गल्लीत, खाली गाळे आणि वर आमचा हॉल. वर पत्रे, सहा पंखे, त्यातले चार फिरणारे. नऊ वाजता भक्ती सुरू होते. मध्येच लोणावळा लोकल धडधडत गेली की पाळकसाहेब प्रार्थनेत थांबतात आणि गाडी गेल्यावर त्याच वाक्यापासून पुढे जातात. नवख्या माणसाला वाटतं साहेबांचा कंठ दाटला. मनोरा नाही म्हणून घंटाही नाही. जिन्याशी रुळाचा एक तुकडा टांगलाय, तोच वाजवायचा. हजेरी चाळीसच्या आसपास, नाताळ-ईस्टरला दुप्पट.

चाळिसांतून पाच जाणं म्हणजे काय, हे मोठ्या चर्चला कळायचं नाही. आणि नुसती पाच डोकी असती तर निभावलंही असतं. दादा पेटी वाजवायचे. आमची गाणी पेटीवर उभी आहेत. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग आणि भजन ज्यांनी आणलं, त्यांच्यात १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आघाडीवर होते. पेटी, तबला, टाळ हे आता उपासनेचं अंगच झालंय. पण अभंगाला पट्टी लागते, आणि आमच्या बायकांचे गळे पूर्वीच्या पट्टीत चढत नाहीत. दादा कुणाला न सांगता एखादी पट्टी खाली आणायचे. भक्ती संपल्यावर बायका एकमेकींना सांगायच्या, आज गाणं काय छान लागलं!

सिस्टर भक्तीनंतर मागच्या बाकावर बीपीचं मशीन काढून बसायची. म्हाताऱ्यांची रांग लागायची. काही जण संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी नव्हे, या रांगेसाठी येतात, हे मला पक्कं माहीत आहे. पाळकसाहेबांनाही माहीत आहे. त्यांचंही बीपी तिथंच मोजलं जायचं, तेही संदेश झाल्या झाल्या, त्यामुळे ते जरा चढंच निघायचं. मोठी मुलगी संडे स्कूल, म्हणजे पोरांचा रविवारचा वर्ग, घ्यायची. धाकटा रुळाची घंटा वाजवायचा आणि नाताळच्या नाटकात मेंढरू व्हायचा. यंदा त्याला मेंढपाळ करायचं कबूल केलं होतं.

आजीची खुर्ची दारापाशी. गाण्यांची पुस्तकं वाटायचं काम तिच्याकडे, पण तो बहाणा. खरं काम कोण आलं नाही हे बघायचं. वही नाही, टाचण नाही, सगळं डोक्यात. दुपारची जेवणं झाली की फोन सुरू. “का गं, आज दिसली नाहीस?” पाहुणे आले होते, हे कारण चालायचं नाही. “मग पाहुण्यांना घेऊन यायचं.” आम्हाला त्या फोनची धास्तीच होती. मग २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, हॉलला कुलूप लागलं. १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही घरोघरी मोबाइलसमोर बसून केला. पाळकसाहेब पडद्यावर कपाळापासून नाकापर्यंतच दिसत होते. आजीला तो पडदा काही जमला नाही. तिनं आपली फोनची फेरी तेवढी वाढवली, रविवारची रोजची केली. त्या उन्हाळ्यात मंडळी टिकली ती त्या फोनांवर, असं माझं मत आहे. तसं मी वार्षिक सभेच्या अहवालात लिहिलंही होतं. कमिटीनं ते वाक्य काढायला लावलं. एकाच व्यक्तीचा उल्लेख नको, म्हणे.

पण मला दादा आठवणार आहेत ते हंगामाच्या सणाला. शहरातल्या मंडळीला कसला आलाय हंगाम! पण आम्ही मूळची नगर, राहुरी, श्रीरामपूर, जालन्याकडची माणसं. शेत सुटलं तरी सण सुटला नाही. पावसाळा सरला की कुणी मंडईतून भोपळे आणतं, कुणी गॅलरीतल्या कुंडीतली चार वांगी, कुणी कढीपत्त्याची जुडी. ज्वारीची कणसं मात्र गावाकडून मुद्दाम मागवायची, ती टेबलाच्या दोन्ही बाजूंना बांधायची. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव, आणि लिलाव पुकारायचे दादा.

एरवी हा माणूस चार वाक्यांच्या वर बोलत नाही. लिलावाला मात्र अंगात यायचं. एक लिंबू हातात धरून त्याचे असे गुण गायचे की लोकांना वाटावं हे लिंबू सोडलं तर आपण करंटे. कुणीतरी घ्यायचं, पैसे टाकून परत लिलावालाच द्यायचं, की तेच लिंबू पुन्हा नव्या गुणांसह विक्रीला. असं एकच लिंबू अख्ख्या हॉलभर फिरून खजिनदारांच्या खात्यात चांगली भर घालून जायचं. हे सगळ्यांना दिसायचं. मला दुसरं एक दिसलं, तेही फार उशिरा. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो बोली बोलत असला की दादा सावकाश व्हायचे, “एक वार... अहो पपई बघा तरी... एक वार...” असं ताणत राहायचे. आणि एखाद्या विधवा बाईची नजर त्याच पपईवर असली, तिनं भीत भीत “वीस” म्हटलं, की यांचं एक वार-दोन वार-तीन वार इतक्या झपाट्यानं व्हायचं की दुसऱ्याला तोंड उघडायलाच मिळू नये. पपई गेली! लोक ओरडायचे, अहो थांबा की, मी बोलत होतो. दादा म्हणायचे, “झालं की, पुढचं घ्या.” यात फसवणूक आहे की नाही यावर आमच्या खजिनदारांचं वेगळं मत आहे. माझं मत मी सांगितलंच.

लहान मंडळीतून माणसं तीन वाटांनी जातात. कुणी दफन होतं, कुणी रुसून जातं, कुणाची बदली होते. दफनाला विधी आहे. ठरलेले उतारे, ठरलेली गाणी, मातीची मूठ. रडायची जागासुद्धा ठरलेली असते. रुसून जाणाऱ्यालाही आमच्याकडे रीतसर व्यवस्था आहे. आधी पाळक भेटायला जातात, मग दोन वडीलमंडळी, मग त्याच्याबद्दल वर्षभर बोलणं होतं, आणि शेवटी तो कुठल्या तरी गिटार-ड्रमवाल्या मोठ्या फेलोशिपमध्ये दिसला अशी बातमी येते. तिसऱ्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी मात्र काहीच नाही. शाल, घड्याळ आणि ‘देवाची योजना’.

शालीचं सांगते. निरोपसमारंभासाठी कमिटी बसली तेव्हा पहिला वाद नारळावर झाला. शाल-श्रीफळ द्यायचं, असं एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले श्रीफळ आपल्यात नको. तिसऱ्यांनी विचारलं, हंगामाच्या सणाला नारळाचा लिलाव चालतो तो? त्यावर बराच वेळ शांतता. शेवटी नारळ गळाला, शाल राहिली, आणि बायबलातलं वचन लिहिलेलं भिंतीवरचं घड्याळ ठरलं. वचन कोणतं? ‘मी आणि माझं घराणं’ हे यहोशवाचं वचन आमच्याकडच्या प्रत्येक घरात आधीच दोन भिंतींवर असतं. मग कुणीतरी मिस्पा सुचवलं : आपण एकमेकांच्या दृष्टीआड असू तेव्हा परमेश्वर आपल्या दोघांवर नजर ठेवो. ऐकायला किती गोड. मी म्हटलं, अहो, उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय काढून बघा. सासरा-जावई आहेत, लाबान आणि याकोब. वीस वर्षं एकमेकांना फसवून झालंय. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून दगडांची रास रचून देवाला पहाऱ्यावर बसवलंय, आणि वर करार की वाईट हेतूनं ही रास ओलांडून तू इकडे यायचं नाहीस, मी तिकडे येणार नाही. हे आपण दादांना द्यायचं? कमिटीनं घड्याळ वचनाविनाच घेतलं. चालतं बरं.

निरोपाच्या रविवारी पाळकसाहेबांनी उत्पत्तीचा बारावा अध्याय घेतला. अब्राहामाला हाक आली, तो देश, नातलग, बापाचं घर सोडून निघाला. निघणाऱ्यासाठी सगळीकडे हाच अध्याय घेतात. आजी दारातून शेजारणीला म्हणाली, आणि आजीचं कुजबुजणं हॉलभर ऐकू जातं : “हा तर बापाच्या घरी चाललाय की.” पाळकसाहेबांनी ऐकलं. त्या वेळी लोकल गेली असती तर बरं झालं असतं, पण रेल्वे अशा वेळी उपयोगी पडत नाही.

मग सगळे उठून बोलले. देवाची योजना, देवाचं नियोजन, देवानं दार उघडलं, देव मोठ्या सेवेसाठी नेतोय. मोठी मान खाली घालून बसली होती. गाण्याच्या वेळी उठलीच नाही. भक्तीनंतर जिन्यात मला म्हणाली, “काकू, देवाची योजना होती तर आईचं नाव वेटिंग लिस्टवर कशाला होतं?” हे खरं होतं. यादीतल्या कुणीतरी ती जागा नाकारली म्हणून सिस्टरचा नंबर लागला. मी तिला उत्तर दिलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी, तिचं ठरलेलं कॉलेज, तिची संडे स्कूलची पोरं एका झटक्यात जात असताना तिला तत्त्वज्ञान सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण घरी जाऊन मी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढलं, कारण मला काहीतरी अंधुक आठवत होतं.

विसावा अध्याय. इफिसच्या मंडळीत तीन वर्षं काढलेला प्रेषित पौल मिलेतात इफिसच्या वडीलमंडळींचा निरोप घेतो. गुडघे टेकून प्रार्थना होते, आणि मग ते सगळे खूप रडतात, त्याच्या गळ्यात पडतात; तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही, हे तो म्हणाला त्याचं त्यांना सर्वांत जास्त दुःख झालं, असं हे पुस्तक लिहिणारा लूक नोंदवतो. पुढच्या अध्यायात सोर गावी तर बायकापोरांसकट सगळी मंडळी गावाबाहेर समुद्रकाठापर्यंत पोचवायला येते. मग कैसरीयात लोक त्याला गळ घालतात, जाऊ नको म्हणून. रडतात. तुम्ही रडून माझं काळीज का तोडता, असं तो विचारतो. तो ऐकतच नाही असं दिसल्यावर, मग कुठं ते गप्प होतात आणि म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो.

म्हणजे हे वाक्य पुस्तकात आहे, पण कुठं आहे ते बघा. आधी गळ्यात पडून झालंय, हात धरून झालाय, जाऊ नको म्हणून झालंय. सगळं संपल्यावर ते वाक्य येतं. आम्ही मात्र त्याच्यापासूनच सुरुवात करतो, आणि मग रडायला जागाच उरत नाही, कारण आता रडलं तर ते देवाच्या योजनेविरुद्ध होईल. जिन्यातल्या त्या पोरीला हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. घरभर खोकी. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी अजून नको म्हणू शकते?” मी म्हटलं, टेम्पो येईपर्यंत. सिस्टरनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहाला थांबले नाही.

आता पत्र. नमुना म्हणून जुनी पत्रं बघावीत म्हणून मी कपाटातली फाइल काढली. आमच्याकडून गेलेली पत्रं थोडी होती. आलेली मात्र गठ्ठाभर. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्यांनी पुण्याला पाठवलेली, तपकिरी पडलेली, घडीवर फाटलेली. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला काम सुरू केलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर तिकडच्या खेड्यांत मंडळ्या वाढल्या. शाळा आल्या, शाळांनी माणसं शिकवली, आणि शिकलेली माणसं पोटासाठी बाहेर पडली. रेल्वेत, इस्पितळांत, शाळामास्तर म्हणून, खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा वेगवेगळी मंडळं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तरी आमच्यातली जुनी माणसं अजून कोण कुठल्या मिशनचा ते विसरत नाहीत, आणि त्याचा पुरावा या गठ्ठ्यात होता. प्रत्येक मिशनच्या पत्राचा मायना वेगळा. वाक्य मात्र सगळीकडे तेच. चांगल्या साक्षीने राहिले असून.

त्यात माझ्या वडिलांचंही पत्र सापडलं. नाव, बापाचं नाव, बाप्तिस्मा, वर्गणी चुकती, चांगली साक्ष. मी ते उलटसुलट करून पाहिलं. वडील त्या मंडळीत काय करायचे? टाळ वाजवायचे? दिवे लावायचे? गाडीजवळ रडलं का कुणी? काही नाही. आता विचारायलाही कुणी नाही. पत्र लिहिणाऱ्याला ते सगळं माहीत असणार, आणि त्यानं छापील वाक्याखाली सही करून टाकली. आमची अख्खी मंडळी अशा पत्रांनी झाली आहे. कुठल्या तरी गावातला एकेक बाक रिकामा झाला म्हणून आमचे बाक भरले. हे कळून मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. रागच आला, त्या कोण जाणे कुठल्या सेक्रेटरीचा.

शिफारसपत्राचा पहिला नमुना, मला वाटतं, पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. सुरुवातच फिबी नावाच्या बाईच्या शिफारशीनं होते. पुढे नुसती नावं आणि सलाम, म्हणून वाचनासाठी हा अध्याय कुणी घेत नाही. पण नीट बघितलं तर प्रत्येक नावाला काहीतरी चिकटवलेलं आहे. मरियेनं तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले. रूफसची आई माझीही आईच. आणि अक्विल्ला-प्रिस्किल्ला, राहुट्या करणारं जोडपं. क्लौद्य कैसरानं, साधारण इसवी सन ४९ मध्ये, यहुद्यांना रोमबाहेर काढलं म्हणून हे करिंथला आले. तिथून इफिसला गेले. तिथून पुन्हा रोमला. जिथं जातील तिथं त्यांच्या घरात मंडळी जमते. करिंथमध्ये त्यांच्या जागी नंतर कोण आलं, राहुट्यांच्या दोरांना कुणी हात लावला, याबद्दल पुस्तक गप्प आहे. मात्र करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी इफिसहून त्या दोघांचा सलाम आलाय, साधा नव्हे, फार फार सलाम. आमच्या नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती माणसांसारखा. तीही रामराम-नमस्काराच्या जागी सलामच म्हणतात.

याच अध्यायात माझा आवडता माणूस आहे. तर्तियस. तो पौलाचा लेखनिक. अख्खं पत्र निमूटपणे लिहून झाल्यावर बाविसाव्या ओवीत तो हळूच स्वतःचं तोंड घालतो : हे पत्र लिहिणारा मी तर्तियस, माझाही सलाम. पौलानं खोडलं नाही. हे बघून मला धीर आला. छापील बाजू मी नियमाप्रमाणे भरली. वर्गणी मार्चअखेर चुकती. मग कागद उलटा केला.

मागच्या बाजूला लिहिलं : आजींना दारापाशी खुर्ची द्यावी, पंख्याखाली नको, गुडघे धरतात. त्या दुपारी फोन करतील, राग मानू नये. दादांना लिलाव पुकारू द्यावा, हिशेब मात्र दुसऱ्याने ठेवावा. सिस्टर कोणत्याही कामाला जमेल म्हणते, तिला रात्रपाळी असते हे आपण लक्षात ठेवावे. धाकट्याला आम्ही यंदा मेंढपाळ करणार होतो, ते देणे आता आपल्याकडे. मोठीला पहिले काही महिने संडे स्कूल अथवा दुसरे कोणतेही काम देऊ नये, व ती गात नसेल तर कारण विचारू नये. आणि शेवटी, हे पत्र लिहिणारी मी, माझाही सलाम.

पाळकसाहेबांनी सही करताना कागद उलटून पाहिला. वाचला. “कमिटीला दाखवलंत?” म्हणाले. मी म्हटलं, नाही. त्यांनी शिक्का स्वतःच मारला, दोन्ही बाजूंना.

टेम्पो कामाच्या दिवशी सकाळी आला, तरी बरेच जण जमले. कुणी कामावर उशिरा जायचं ठरवून आलं होतं, कुणी रजाच टाकली होती. कपाट जिन्यात अडकलं, ते काढायला खालच्या गाळ्यातला वेल्डर आला. आजी सगळ्यांना सांगत होती, इथंही मुळा आणि तिथंही मुळा, म्हणजे मी लांब चाललेच नाही. ही मुळा मुठेला मिळते आणि ती प्रवरेला, असं आमच्या खजिनदारांनी तिला समजावून दिलं. त्यांना राहवत नाही. गल्लीतच प्रार्थना झाली. सोरच्या लोकांना समुद्रकाठ होता. आमच्या मागे रिक्षा हॉर्न वाजवत होती आणि पाळकसाहेब लोकलची सवय असल्यामुळे थांबून थांबून बोलत होते. रिक्षावाल्याला वाटलं आटोपलं, की हे पुन्हा सुरू. मोठी माझ्या खांद्यावर भरपूर रडली. माझा पदर, तिचा ओढणीचा शेव, सगळं ओलं. कुणीही तिला काही समजावलं नाही. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती प्रत्येक म्हाताऱ्याला गोळ्यांच्या वेळा सांगत होती. दादा दोन्ही पंख्यांचे कंडेन्सर आदल्या रात्री बदलून गेले, हे आम्हाला रविवारी कळलं, सहाच्या सहा फिरायला लागले तेव्हा. गाण्यांच्या कागदांची पानं उडायला लागली. त्याची सवय नाही आम्हाला.

पेटीचं अजून जमलेलं नाही. सध्या एक मुलगा मोबाइलवर तानपुरा लावतो आणि आम्ही आपापल्या पट्टीत गातो. बीपीचं मशीन पाळकीणबाईंनी मागून घेतलंय; त्या सगळ्यांनाच नॉर्मल सांगतात. दुपारचे फोन मात्र थांबले नाहीत. आजी राहुरीहून करते, आणि कोण आलं नाही हे तिला तिथं बसून कसं कळतं ते आम्ही शोधतोय. मला खजिनदारांचा संशय आहे.

गेल्या आठवड्यात तिकडच्या पाळकांचा फोन आला. त्यांच्याकडे अशी बरीच लहान गावं आहेत, मोटारसायकलवर फिरतात. पत्र मिळालं म्हणाले. मागची बाजू मंडळीत वाचून दाखवली, लोक हसले. मग जरा घुटमळून म्हणाले, “बाई, त्यांना पेटी येते असं तुम्ही लिहिलं नाहीत.”

मी कपाळावर हात मारला. लिहिलं नव्हतं खरं.

“आमच्याकडे पेटी आहे,” ते म्हणाले, “मिशनच्या वेळची. पण भाता उंदरांनी खाल्लाय.”

मी म्हटलं, पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवून द्या, इथं शिवून मिळतो. ते म्हणाले, खर्चाचं कसं? मी खजिनदारांकडे बघितलं. ते समोरच बसून गेल्या हंगामाच्या सणाची वही लावत होते. लिंबाच्या खात्यात काही शिल्लक आहे का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, पान मागं उलटलं आणि मोजायला लागले.